नाचणीचे सत्व आणि नाचणीचे पीठ: बाळाच्या वाटीत नेमके काय पडते?

धाकटी सहा महिन्यांची झाली आणि आठवड्याभरात घरात नाचणीचे सत्व तीन ठिकाणांहून आले. आईने संगमेश्वरहून काचेच्या बरणीत पाठवले ते जवळजवळ पांढरे, किंचित गुलाबट झाक असलेले. शेजारच्या काकूंनी डब्यात दिले ते तपकिरी, मोड आणून दळलेले. आणि नवऱ्याने येताना दुकानातून जो पुडा आणला त्यावरही ‘नाचणी सत्व’ असेच ठळक छापलेले.

तिन्हींचा एकेक मोठा चमचा घेतला आणि एकेक कप पाण्यात शिजवला. आईचे सत्व दोन मिनिटांत काचेसारखे पारदर्शक झाले, चकाकले, आणि गार होताच वाटीत घट्ट बसले. चमचा उभा राहील इतके. काकूंचे सत्व शिजले तरी पातळच राहिले, पेजेसारखे. पुड्यातले चॉकलेटी रंगाचे झाले, दाटही झाले, आणि मी काही घातले नसताना गोड लागले. नाव एक, पदार्थ तीन. बाळाला द्यायचे म्हणून मी नाव पाहत होते, पण वाटीत काय पडते ते नावावर ठरत नाही, ते कसे केले यावर ठरते.

आधी पिठाबद्दल, कारण ते सोपे आहे. नाचणी निवडायची, रोळून खडे काढायचे, धुऊन वाळवायची, गिरणीत द्यायची. तांदळासारखी नाचणी सहज सडता येत नाही. तिचे टरफल आतल्या दाण्याला इतके चिकटून असते की ते सोलून काढायला दाण्यावर वाफेची आणि वाळवणीची वेगळी प्रक्रिया करावी लागते. म्हणून घरगुती नाचणीचे पीठ म्हणजे अख्खा दाणा: टरफल, अंकुर, गाभा, सगळे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम नाचणीत साधारण 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते 10 मिलिग्रॅमच्याही आत आहे, आणि गाईच्या 100 ग्रॅम दुधात 120 च्या आसपास. तंतुमय भाग 11 ग्रॅमच्या घरात. नाचणीचे जे कौतुक आपण ऐकतो ते या अख्ख्या दाण्याचे कौतुक आहे.

आता आईचे सत्व. लहानपणी मी ते होताना पाहिले आहे, पण पाहूनही त्याचा अर्थ लावला नव्हता. रात्री नाचणी भिजत घालायची. सकाळी निथळून ओल्या पंच्यात बांधून ठेवायची. दिवसा-दीड दिवसात पांढरे बारीक मोड येतात. मग थोडे थोडे पाणी घालत पाटा-वरवंट्यावर, आता मिक्सरमध्ये, गंधासारखे वाटायचे. ते वाटण पातेल्यावर बांधलेल्या सुती कापडात ओतायचे आणि पिळायचे. खाली दुधासारखे पाणी पडते, कापडात लालसर तपकिरी चोथा राहतो. चोथा पुन्हा वाटायचा, पुन्हा पिळायचा, तिसऱ्यांदाही. पातेले झाकून रात्रभर ठेवले की वर निवळ येते आणि तळाशी साका बसतो. निवळ ओतून द्यायची. साका ताटात वड्या पाडून वाळवायचा, कुस्करायचा, पुन्हा चाळायचा.

कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तीच ही रीत. फरक इतकाच की गव्हाच्या चिकाला कोणी गव्हाचे सत्व म्हणून बाळाला पौष्टिक समजून भरवत नाही, आणि नाचणीच्या चिकाला मात्र आपण सत्व म्हणतो. गाळून खाली बसते ते मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च. कॅल्शियमचा मोठा वाटा, लोह आणि जवळजवळ सगळा तंतुमय भाग टरफलाबरोबर कापडात राहतो, आणि प्रथिनांचाही काही अंश निवळीबरोबर जातो. नाचणीचा रंगही टरफलातच असतो. म्हणून ओळख सोपी आहे: सत्व जितके पांढरे, तितका दाणा त्यातून निघून गेलेला. ‘सत्व’ या शब्दाने मला इतकी वर्षे वाटत होते की दाण्यातले उत्तम तेवढे काढून घेतले आहे. प्रत्यक्षात पचायला सोपे तेवढे काढून घेतलेले असते. या दोन गोष्टी एक नाहीत.

आईला फोनवर विचारले, “आई, कापडात राहतं ते तू टाकून देतेस?”

“गाईच्या घमेल्यात जातं. चोथा काय पोरीच्या पोटात घालायचाय? तुम्हा दोघांना याच्यावरच तर वाढवलंय.”

आईचे चुकत नव्हते. गाळलेल्या सत्वाची जागा आहे, आणि ती जागा मोलाची आहे. दात नसलेले बाळ पहिल्यांदा काहीतरी गिळायला शिकते तेव्हा घशाला काहीच बोचत नाही. जुलाबातून उठलेल्या मुलाला, तापातून बाहेर आलेल्या आजोबांना हे बिनचोथ्याचे सत्व पटकन पचते आणि ताकद देते. पण आईने आम्हाला फक्त त्यावर वाढवले नव्हते. वर्षाच्या आत आम्ही नाचणीची भाकरी दुधात कुस्करून खात होतो, आंबील पीत होतो, वरणात बोटे बुडवत होतो. तो भाग सांगायचा राहून गेला आणि आमच्या पिढीने दीड-दोन वर्षांच्या मुलालाही रोज पांढऱ्या सत्वाची खीर देत राहायचे ठरवले.

तिसरा प्रकार काकूंचा, आणि माझ्या मते घरात लहान मूल असेल तर हा सगळ्यांत जास्त कामाचा. यात मोड येईपर्यंत सगळे आईसारखेच. पुढे मात्र वाटायचे नाही आणि गाळायचेही नाही. मोड आलेली नाचणी स्वच्छ कापडावर पसरून कडकडीत वाळवायची, मंद आचेवर हलकी भाजायची, हाताने चोळून सुकलेले मोड पाखडून टाकायचे आणि दळून आणायची. अख्खा दाणा त्यात असतो. शिवाय मोड येताना दोन गोष्टी घडतात. टरफलातली फायटेटसारखी द्रव्ये कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतात, शरीराला लागू देत नाहीत. ती कमी होतात. आणि दाण्यात अमायलेज नावाचे विकर जागे होते, जे पिष्टाचे तुकडे करते. काकूंची खीर दाट झाली नाही ती म्हणूनच.

ही पातळ राहण्याची गोष्ट किरकोळ वाटते, पण बाळाच्या खाण्यातली मोठी अडचण तिथेच असते. साध्या पिठाची किंवा गाळलेल्या सत्वाची खीर चमचाभर पिठातच घट्ट होते, म्हणून आपण पाणी वाढवतो. बाळाचे पोट लहान. ते पाण्यानेच भरते आणि वजन हलत नाही. मोडाच्या पिठाचे मात्र एका कपात तीन चमचे घातले तरी खीर चमच्यावरून सरकते आणि घशाखाली उतरते. तेवढ्याच वाटीत तिप्पट अन्न. खात्री करायची असेल तर साध्या पिठाची घट्ट खीर शिजवा, गॅस बंद करून बोट भाजणार नाही इतकी निवू द्या, न भाजलेल्या मोडाच्या पिठाचा अर्धा चमचा घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत ती डोळ्यांदेखत सैल पडते. नंतर पुन्हा एक उकळी मात्र आणायचीच, कच्चे पीठ बाळाला देऊ नये. नाचणी फार खमंग भाजली तर हे विकर मरते. चव वाढते, टिकते जास्त, पण पातळ करण्याचा गुण जातो. म्हणून मी थोडे पीठ नुसते वाळवून दळलेले ठेवते आणि बाकीचे भाजून.

यातही एक पोटभेद आहे, वस्त्रगाळ पिठाचा. मोडाचे पीठ कोरडेच मलमलच्या कापडातून चाळतात. भरड टरफल वर राहते, मऊ पीठ खाली पडते. पाण्यात गाळलेल्या सत्वाइतके यात जात नाही, पण काही जातेच. पहिल्या महिना-दोन महिन्यांसाठी हा चांगला मधला मार्ग. पुढे आधी बारीक चाळणी, मग साधी चाळणी, आणि वर्षाच्या सुमारास चाळणी बंद.

पावसाळ्यात मोड आणताना जपायला हवे. कापड चिकट लागले, आंबूस वास आला, पांढऱ्या मोडांऐवजी करडी जाळी दिसली तर सगळी नाचणी टाकून द्यावी, धुऊन वापरू नये. जुलैत माझी एक खेप अशीच गेली. तेव्हापासून पावसाळ्याचे पीठ मी मे महिन्यातच करून ठेवते.

पैशांचा हिशेब मांडला तर ओढ कुठे असावी ते लगेच कळते. 2024-25 साठी केंद्राने नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,290 रुपये ठरवला होता, म्हणजे किलोला 43 रुपयांच्या आत. आमच्या वाण्याकडे निवडलेली नाचणी 60 रुपये किलोने मिळाली, आणि तो 200 ग्रॅमचा पुडा 110 रुपयांना. म्हणजे किलोला 550. त्या पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत घटकपदार्थ होते: नाचणी, त्यानंतर लगेच साखर, मग दूध पावडर, मग वेलची. आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ती थोडी नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला वरून साखर आणि मीठ देऊ नका, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मी तो पुडा मोठ्या मुलाच्या दुधात संपवला आणि पुन्हा आणला नाही. गाळलेले सत्व घरी केले तरी स्वस्त पडत नाही: किलोभर नाचणीतून माझ्या हाती जेमतेम निम्मे लागते आणि दोन दिवस जातात. मोडाचे पीठ मात्र दळणाचे पैसे धरूनही किलोला 80 रुपयांच्या आत बसते आणि फारसे काही वाया जात नाही.

घरात सहा महिन्यांचे एक आणि पाच वर्षांचे एक असेल तर दोघांसाठी वेगळे शिजवायची गरज नसते, हाही पिठाचाच फायदा. एकाच डब्यातून बाळाची खीर होते आणि मोठ्याचे घावन. घावनासाठी पीठ ताकात सरसरीत भिजवायचे, त्यात किसलेले गाजर, जिरे, कोथिंबीर. बिडाच्या तव्यावर टाकून झाकण ठेवायचे. भाकरी थापताना तुटते असे सगळ्या सांगतात, कारण नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नाही. त्यावर उकड हाच उपाय. जितके पीठ तितकेच पाणी मीठ घालून उकळायचे, पीठ टाकून झाकून दोन मिनिटे ठेवायचे आणि गरम असतानाच मळायचे. एका भाकरीला 50 ग्रॅम पीठ धरले तरी 180 मिलिग्रॅम कॅल्शियम ताटात येते. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला 550 मिलिग्रॅम लागते, तेव्हा हा वाटा लहान नाही. ताटातले सगळेच अंगी लागत नाही हे खरे, पण मोड आणलेल्या पिठातून अधिक लागते. लोहाचे म्हणाल तर भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळ्याचे लोणचे ठेवावे, आणि मुलांना जेवणासोबत चहा देऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 67 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्या आकड्यापुढे लिंबाची फोड लहान वाटते, पण ती आपल्या हातात आहे.

नाचणी एकटीने पुरी पडत नाही, मग ती पीठ असो की सत्व. 100 ग्रॅममध्ये प्रथिने सातच ग्रॅम. म्हणून मोडाच्या पिठात मी चौथा हिस्सा भाजलेल्या मूगडाळीचे पीठ मिसळते. मूगडाळ बाळाला आधी वेगळी तीन-चार दिवस देऊन पाहिली, सोसली, मगच मिसळली. खिरीत शेवटी अर्धा चमचा साजूक तूप. वजन वाढत नसेल, किंवा बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आईची बरणी मी संपवली नाही. ती फ्रिजमध्ये वेगळी ठेवली आहे, झाकणावर चिठ्ठी लावून: ‘गाळलेले. पोट बिघडल्यावर.’ काकूंच्या डब्यावर ‘मोडाचे पीठ, रोज’. पुढच्या खेपेला आई आमच्याकडे आली आणि तिने सत्व काढायला घेतले, तेव्हा कापडातला चोथा मी मागून घेतला. त्यात ज्वारीचे पीठ, कांदा, तीळ, तिखट-मीठ घालून थालीपिठे लावली, भोके पाडून कडेने तेल सोडले. कडा कुरकुरीत झाल्या, मध्ये मऊ. आईने एक खाल्ले, मग दुसरे मागितले आणि म्हणाली, “एवढी वर्षं गाय खात होती होय हे.”