जैसलमेरच्या भिंतींना लागलेला लोणा

जैसलमेरच्या किल्ल्यात शिरलं की नजर आपसूक वर जाते. पिवळ्या दगडातले झरोके, कोरीव जाळ्या, पुढे झुकलेले सज्जे. घरांचं दुखणं मात्र खाली आहे, गुडघ्यापासून कंबरेपर्यंतच्या पट्ट्यात. तिथे दगड आत खात गेलेला दिसतो. त्याच्या पायथ्याशी पिवळसर पिठाची बारीक रास साचलेली असते, हात फिरवला तर पापुद्रे सुटून येतात. कुणीतरी त्यावर सिमेंटचा करडा थर दिलेला असतो आणि त्या थराच्या बरोबर वरचा दगड आधीपेक्षा जास्त खंगलेला असतो. ही भिंत का झिजते आणि नीट कशी करायची, याचं शास्त्र आज चांगलंच हाती आहे. तरीही बहुतेक घरांत उलटाच उपचार चालतो, म्हणून हा लेख.

दोष सहसा वाऱ्याला दिला जातो. वाळवंट, वारा, वाळू, मग दगड घासला जाणारच, असं वाटणं स्वाभाविक आहे. वाऱ्याबरोबर उड्या मारत जाणारे वाळूचे बहुतेक कण जमिनीपासून मीटरभर उंचीतच राहतात, त्यामुळे झिजेची उंचीही जुळते. पण वाऱ्याचा मारा फक्त उघड्या बाजूला बसतो आणि दगड घासून गुळगुळीत करतो. इथे दगडाला खळगे पडतात, त्याचं पीठ होतं, आणि हे वारा पोचत नाही अशा अरुंद बोळांतही होतं, कधी खोलीच्या आतल्या बाजूनंही. हे काम मिठाचं आहे. भिंतीला लोणा लागला आहे.

जैसलमेरचा पिवळा दगड हा चुनखडक. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी तो साचला. आजही लादी नीट पाहिली तर शिंपल्यांचे तुकडे दिसतात. आपल्याकडे घराच्या फरशीला ‘जैसलमेर’ म्हणून जो पिवळा दगड मिळतो, तो तिथलाच. या दगडात सूक्ष्म छिद्रं असतात. पायाशी ओल असेल तर त्या छिद्रांतून पाणी वर चढतं आणि जमिनीतले क्षार बरोबर आणतं: साधं मीठ, सोडियम सल्फेट, आणि जिथे सांडपाणी मुरतं तिथे नायट्रेटही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कमी विरघळणारे क्षार खालीच थांबतात, जास्त विरघळणारे वरपर्यंत जातात. म्हणून सगळ्यात खराब पट्टा अगदी जमिनीलगत नसतो, थोडा वर असतो.

आता एकाच छिद्रात डोकावू. आत खारट पाणी आहे. पाणी आटतं, द्रावण दाट होत जातं आणि शेवटी स्फटिक धरू लागतो. तो छिद्राच्या भिंतीला भिडला तरी वाढायचा थांबत नाही, बाहेर रेटत राहतो. दगड दाबाला भक्कम असतो, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या दहाव्या भागाइतकीच, कधी त्याहूनही कमी. आतून रेटा आला की तो ताणच असतो. छिद्राची भिंत तडकते.

एकदाच झालं असतं तर दगडानं सोसलंही असतं. पण साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून स्वतःच विरघळतं आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतं. पावसाळी दिवसांत थरच्या वाळवंटात रात्री दमट आणि दुपारी कोरड्या जातात, तेव्हा हे चक्र रोजच्या रोज फिरू शकतं. सोडियम सल्फेट त्याहून वाईट. ३२.४ अंश सेल्सिअसच्या वर त्याचा निर्जल स्फटिक टिकतो. त्याखाली पाणी मिळालं की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरणारा दुसरा स्फटिक तयार होतो आणि तो तिपटीहून जास्त जागा मागतो. जैसलमेरमध्ये वर्षातले कितीतरी दिवस तापमान हा ३२ अंशांचा उंबरठा दुपारी चढून रात्री उतरतं.

कोरड्या हवेची आणखी एक खोड आहे आणि माझ्या मते वाळवंटातल्या भिंतींबद्दल कळायला हवी अशी हीच मुख्य गोष्ट. दमट प्रदेशात पाणी दगडाच्या पृष्ठभागापर्यंत येऊन तिथे सुकतं, मीठ बाहेर पांढऱ्या लवीसारखं उगवतं. दिसायला वाईट, पण झाडून टाकता येतं. वाळवंटात सुकण्याचा वेग इतका असतो की पाणी पृष्ठभागाला पोचण्याआधीच आत उडून जातं. स्फटिक दगडाच्या कातडीखाली धरतात आणि वरचा थर सोलून काढतात. भिंतीवर पांढरं काहीच दिसत नाही म्हणून घरमालक निश्चिंत असतो आणि दगड आतून सुटत असतो.

याचं सगळ्यात मोठं आणि दुःखद उदाहरण सिंधमधलं मोहेंजोदडो. तिथल्या विटा जवळपास चार हजार वर्षं मातीखाली टिकल्या. १९२२ पासून उत्खनन झालं, भिंती उघड्या पडल्या, आणि १९३२ मध्ये सक्करचा बंधारा सुरू झाल्यावर कालव्याच्या सिंचनानं भूजल वर आलं. भाजलेल्या विटांचं पीठ होऊ लागलं. युनेस्कोनं १९७४ मध्ये सुरू केलेली बचाव मोहीम १९९७ पर्यंत चालली. पंप बसवून भूजल खाली ओढलं गेलं. भिंतींवर केलेला उपाय मात्र फार साधा होता: मातीचा लेप. भिंतीतली ओल लेपात येते, तिथे सुकते, मीठ लेपात अडकतं. लेप फुगून गळून पडतो आणि वीट वाचते. मग नवा लेप. हा थर मरण्यासाठीच लावायचा असतो.

जैसलमेरची गोष्टही पाण्याचीच आहे. ११५६ मध्ये वसलेल्या या किल्ल्यात आजही हजारो माणसं राहतात. वर्षाचा पाऊस सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या दहाव्या भागाएवढा. गडीसर तलावातून डोक्यावरून आणलेलं पाणी कुणी सांडत नसे, आणि गल्ल्यांमधल्या उघड्या नाल्यांना वाहून न्यायला फारसं काही नसे. विसाव्या शतकात नळ आले, मग शौचालयं, मग हॉटेलं. ज्या टेकडीवर किल्ला आहे, तिच्यात ओलीनं फुगणारी मऊ चिकणमाती आहे. गळणारं पाणी तिथे मुरत गेलं. जगभरातल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेनं १९९६ मध्ये किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत टाकला आणि त्या दशकाच्या अखेरीस काही बुरूज ढासळले. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात गेला, पण मान मिळाल्यानं नळ गळायचा थांबत नाही.

म्हणून दुरुस्ती भिंतीपासून सुरूच करू नये. आधी पाणी शोधावं. न्हाणीघर कुठल्या भिंतीला लागून आहे, सांडपाण्याचा पाइप कुठून जातो, गच्चीचं पाणी पन्हळीतून दूर पडतं की पायाशी, दाराशी रोज बादली कुठे रिकामी होते, हे पाहावं. गळती थांबवून भिंतीला महिनोन्‌महिने सुकू द्यावं. माणसांना हा वेळ द्यायला जड जातं. गवंडी दारात उभा असतो, सण तोंडावर असतो. तरीही थांबावं.

मग येतो सिमेंटचा मोह. सिमेंटला माझा सरसकट विरोध नाही, स्लॅबला ते उत्तम आहे. मऊ चुनखडकावर मात्र ते घातक ठरतं. ते दगडापेक्षा कडक, त्यातून वाफ फारशी जात नाही आणि त्यात स्वतःचेही अल्कली सल्फेटसारखे क्षार असतात. खालचा पट्टा सिमेंटनं बंद केला की पाणी सुकायला जागा शोधत आणखी वर चढतं आणि वरच्या चांगल्या दगडाला लागतं. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरल्या की सगळं सुकणं दगडातून होतं, त्यामुळे दगड झिजतो आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उभी राहते. पाणी अडवणारे चकचकीत रंगही हेच करतात. दरजेतला माल दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवा, म्हणजे झीज त्याला लागेल. माल पुन्हा भरता येतो, कोरीव दगड पुन्हा मिळत नाही.

तो माल म्हणजे चुना. चुनखडक सुमारे ९०० अंशांवर भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विरवतात, आणि भिंतीत तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडक होतो. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांसाठी चुना घाणीवर, म्हणजे दगडी चाकाच्या चरात, मळत, तिथलंही रसायन हेच. वाळवंटात अडचण अशी की हा वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो, कोरड्या चुन्यात तो शिरून काही करत नाही. जैसलमेरच्या उन्हात ताजा चुना काही तासांत सुकला की तो घट्ट होत नाही, नखानं खरवडता येईल असा भुसभुशीत राहतो. मग लोक म्हणतात, चुना कुचकामी, सिमेंटच बरं. चुना कुचकामी नसतो, त्याला ओल मिळालेली नसते. काम सकाळी, सावलीत करावं. दरज आधी भिजवून घ्यावी. भरल्यावर ओलं गोणपाट टांगावं आणि ते दिवसेंदिवस ओलं ठेवावं, पण भिंतीवर पाणी ओतू नये.

पाणी आणि वाळू कुठली, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा. थर वाळवंटातलं भूजल पुष्कळ ठिकाणी खारं आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात माल कालवला तर ज्या मिठाशी भांडतोय तेच आपण हातानं भिंतीत भरतो. पाणी गोडं हवं, चव घेऊन पाहिलं तरी अंदाज येतो. टेकड्यांवरची वाळू बारीक आणि गोलसर असते, तिचे कण एकमेकांत अडकत नाहीत. टोकदार, जाडसर, धुतलेली वाळू घ्यावी, चुन्याच्या एका भागाला वाळूचे सुमारे तीन या प्रमाणात.

जुनी दरज छन्नी-हातोडीनं काढावी. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल जावं. दगडावर मीठ दिसलं तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडून सुपलीत गोळा करावं. धुतलं तर ते विरघळून पुन्हा आत जातं, आणि तरीही भिंती धुतल्याच जातात. खोलवर मीठ असेल तर स्वच्छ कागदाचा लगदा आणि चिकणमाती शुद्ध पाण्यात कालवून लेप द्यावा, सुकल्यावर काढून टाकावा, पुन्हा द्यावा. लेपातलं मीठ कमी होत गेलं की काम होतंय हे कळतं. भुसभुशीत झालेली नक्षी वाचवायला आता चुन्याचे अतिसूक्ष्म कण अल्कोहोलमध्ये मिसळून मुरवतात. ही पद्धत फ्लॉरेन्स विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी पुढे आणली. ते तज्ज्ञाचं काम आहे, बाटली आणून घरी करायचं नाही.

पूर्ण गेलेला दगड बदलावाच लागतो. इथले सिलावट, म्हणजे पिढीजात पाथरवट, हे काम जाणतात. जैसलमेरच्या पुष्कळ जुन्या बांधकामात चुनाही नाही, दगड एकमेकांत खाचा करून किंवा लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले आहेत. त्यामुळे एक दगड काढताना शेजारच्यांना आधार द्यावा लागतो आणि गंजून फुगलेली पट्टीही बदलावी लागते. नवा दगड थर आडवे राहतील असा बसवायचा. उभ्या थरांनी बसवला तर तो पत्त्यांसारखा सुटतो.

राहिलं छत. लाकडी तुळया, गवत, त्यावर मातीचा जाड थर, ही उन्हाळ्यासाठी फार शहाणी रचना आहे. पण गळलं की मातीचा आणखी एक थर टाकायची सवय असते. थर वाढत जातात, वजन वाढतं आणि ते खालच्या खंगलेल्या भिंतीवर येतं. वाळवंटातला पाऊस कमी असला तरी कधी एकदम कोसळतो. ऑगस्ट २००६ मध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात मोठा पूर आला होता. भिजलेली माती कोरडीपेक्षा कितीतरी जड. म्हणून छताला हात लावायचा तर आधी जुने जादा थर उतरवावेत, उतार पन्हळीकडे नीट करावा आणि मगच नवी माती घालावी. हे काम जूनच्या आत उरकावं, म्हणजे पहिली सर येईपर्यंत छत वाळलेलं असतं.