वळकटीतली क्लिओपात्रा

ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की रोमन सेनानी सीझरला भेटायला निघालेल्या इजिप्तच्या राणीला, क्लिओपात्रेला, तिच्या माणसाने अंथरुणाच्या वळकटीत बांधून आत नेले. पुढे सांगणाऱ्यांनी त्या वळकटीचा गालिचा केला. फ्रेंच चित्रकार जाँ-लेओं जेरोमने 1866 साली ही भेट रंगवली, तेव्हा राणी उभी राहिली ती गालिच्यातूनच. वळकटीतून बाहेर येणारी राणी कोण विकत घेणार म्हणा!

खुद्द प्लुटार्क तिच्यानंतर शतकाहून अधिक काळाने लिहीत होता. तिचे रूप अतुलनीय नव्हते, मोहिनी बोलण्यात होती, असेही त्याने नोंदवले आहे. चित्रकारांनी नेमके हेच वाक्य गाळले.

त्याआधीची चित्रे आणखी गमतीची. 1743-44च्या सुमारास व्हेनिसच्या त्येपोलोने तिची मेजवानी रंगवली. एकाच जेवणावर एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) उडवून दाखवीन, अशी पैज रोमन सेनानी अँटनीशी लावून तिने कानातला मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून प्यायला, ही रोमन लेखक प्लिनीची कथा. चित्रातली राणी मात्र गोरीपान व्हेनिसची उमरावीण, भरजरी झग्यातली. सोव्हिएत सरकारने विकलेले हे चित्र आज मेलबर्नला आहे.

मग 1798 साली नेपोलियन फौजेबरोबर विद्वानांचा ताफाही घेऊन इजिप्तला गेला. त्या मोहिमेतल्या नोंदींचे जाडजूड सचित्र खंड 1809पासून निघू लागले, 1822 साली फ्रेंच विद्वान शाम्पोलियोंने इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीचे कोडे सोडवले, आणि चित्रकारांच्या हाती अस्सल तपशील आले. जेरोम तर स्वतः इजिप्त फिरून आला होता. 1887 साली फ्रेंच चित्रकार कॅबानेलने कैद्यांवर विषाची परीक्षा घेणारी क्लिओपात्रा काढली; मागे इजिप्शियन मंदिराचे रंगीत खांब, पायथ्याशी बिबट्या. पण ती मूळच्या मॅसिडोनियन घराण्यातली. तिची राजधानी अलेक्झांड्रिया अलेक्झांडरने वसवलेली, दरबाराची भाषा ग्रीक. इजिप्तची भाषा शिकणारी घराण्यातली ती पहिलीच, असे प्लुटार्क म्हणतो. म्हणजे त्येपोलोची चूक अज्ञानातून झाली, तर कॅबानेलची माहितीच्या हौसेतून. मला पहिली जास्त प्रामाणिक वाटते.

तिच्या हयातीतले पुरावे थोडे आहेत. नाण्यांवर बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी दिसते. इजिप्तमधल्या देंदेराच्या मंदिराच्या मागच्या भिंतीवर ती मुलगा सीझरियनसह देवांना नैवेद्य दाखवते आहे. पण तिथला चेहरा ठरलेल्या साच्यातला, कोणत्याही राणीचा.