डरहॅमच्या खाणवस्त्या: आधी दुकान गेले, मग खाण

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यात वाढलेली माणसे जुन्या वस्तीबद्दल बोलू लागली की कोपऱ्यावरचे दुकान आणि खाणीचे आवार एका दमात आठवतात. ती दोन्ही एकदम गेली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कित्येक वस्त्यांचे भवितव्य खाणबंदीच्या बातमीने ठरले नव्हते. ते १९५१ च्या एका कागदावर ठरले होते.

१९१३ च्या सुमारास इथल्या कोळशाच्या खाणींत साधारण १ लाख ६५ हजार माणसे होती. पगार पंधरवड्याने होई, त्यामुळे मधल्या कोरड्या आठवड्यात उधारी अटळ असे. सहकारी भांडार खरेदीवर पौंडामागे दोन शिलिंग (म्हणजे दहा टक्के) किंवा त्याहूनही जास्त लाभांश देई, पण तो हाती पडायला महिने लागत. पाव, चहा, तंबाखू, दिव्याचे तेल अशा रोजच्या गरजांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातली उधारीची वहीच कामी येई. कोळसा मात्र दुकानात क्वचितच मिळे, कारण खाणकामगाराला तो वेतनाचा भाग म्हणून मिळे आणि मागच्या गल्लीत ओतला जाई. परसाच्या भिंतीतली झडप त्यासाठीच होती.

अशी दुकाने आजही ओळखता येतात. घरांच्या रांगेचा शेवटचा कोपरा तिरका कापलेला असतो आणि दार त्या तिरक्या भिंतीत असते, म्हणजे दोन्ही रस्त्यांवरचे गिऱ्हाईक आत येते. रुंद खिडकीवर लांब तुळई असते. पुढे दुकानाचे घर करताना खिडकी खालून विटांनी बुजवली जाते, पण नव्या विटांचा रंग आणि सांध्यांची जाडी जुन्याशी जुळत नाही. बाजूच्या भिंतीवर जुन्या जाहिरातीची अक्षरे पुसट दिसतात. शिसेयुक्त पांढरा रंग विटेत मुरतो आणि बाकीचे रंग उडाले तरी टिकतो.

खाणीच्या आवारात दिव्यांची खोली फार महत्त्वाची. बिल्ला देऊन दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत घ्यायचा. पाळी संपल्यावर कुणाचा हिशेब जुळला नाही तर तो माणूस अजून खाली आहे, हे लगेच कळे. १९२६ नंतर जमीनमालकांना कोळशापोटी मिळणाऱ्या स्वामित्वधनावर कर बसवून न्हाणीघरे बांधली गेली. एका बाजूला कामाच्या कपड्यांची कपाटे, दुसऱ्या बाजूला स्वच्छ कपड्यांची आणि मधे शॉवर अशी त्यांची रचना होती. कपाटांतून गरम हवा सोडत, म्हणजे ओले कपडे पुढच्या पाळीपर्यंत वाळत. सपाट छपरे आणि मोठ्या काचा यांमुळे त्या इमारती देखण्या झाल्या, पण सपाट छपरावर पाणी साचते आणि देखभाल थांबली की गळती सुरू होते.

आता तो कागद. १९५१ च्या विकास आराखड्यात परगण्यातल्या वस्त्या चार वर्गांत विभागल्या गेल्या. शेवटच्या ‘ड’ वर्गात ११४ गावे होती, पुढे ती १२१ झाली. या गावांत मोठी गुंतवणूक करायची नाही आणि लोकसंख्या ओसरू द्यायची, असे धोरण होते. पश्चिमेकडचे कोळशाचे थर संपत आले होते, घरे जुनाट होती आणि पीटर्लीसारखी नवी नगरे उभी राहत होती, हा नियोजनकारांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण त्याची किंमत गावाने मोजली, आणि गावाला नीट विचारलेही गेले नाही.

‘ड’ वर्गात नवे घर बांधायला परवानगी मिळणे अवघड, म्हणून घरमालक डागडुजी टाळत आणि कर्ज देणारे हात आखडता घेत. मग ‘राहण्यास अयोग्य’ ठरलेल्या घरांची रांग पाडली जाई. नुकसानभरपाई अनेकदा फक्त जागेच्या किमतीएवढीच असे. कोपऱ्यावरचे दुकान उरले तरी त्याची शेजारची भिंत उघडी पडे. ती आतली भिंत होती, पाऊस झेलायला बांधलेलीच नव्हती. ओल माल ठेवण्याच्या खोलीत शिरे, आणि उधारीच्या वहीतली निम्मी नावे तोवर दुसऱ्या गावी गेलेली असत. ॲडिसन गाव पुसले गेले. विटन पार्कच्या लोकांनी झुंज दिली आणि गाव राखले, मात्र तिथलीही कित्येक घरे पाडली गेली. १९७७ मध्ये धोरण मागे घेतले गेले, पण तोवर दुकानांचे जे व्हायचे ते होऊन चुकले होते.

किनाऱ्यावरच्या मोठ्या खाणी १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतरही काही वर्षे चालल्या. ईझिंग्टन १९९३ मध्ये बंद झाली. माणसांना आणि कोळशाला वर-खाली नेणारा पाळणा उचलणारे मनोरे फार दिवस ठेवले जात नाहीत. कूपक, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर, भरताना आधी तळाकडची बोगद्यांची तोंडे अडवावी लागतात, नाहीतर दगडी भराव आत घसरतो आणि वरची जमीन खचते. वर काँक्रीटचे झाकण बसते, वायू निघायला नळी ठेवतात. पंप थांबले की खाणीतले पाणी चढते आणि लोहयुक्त तांबूस पाणी ओढ्यांत उतरते, त्यामुळे काही ठिकाणी उपसा अजून सुरू आहे. संडरलँडच्या वेअरमथ खाणीच्या जागी १९९७ पासून फुटबॉलचे मैदान आहे.

बीमिशच्या खुल्या संग्रहालयात ॲनफिल्ड प्लेनचे सहकारी भांडार आणि हेटनची खाणकामगारांच्या घरांची रांग हलवून पुन्हा उभारली आहे. कोपऱ्यावरच्या साध्या दुकानांच्या वाट्याला असे जतन क्वचितच आले. त्यांच्या नोंदी बुजवलेल्या खिडक्यांवरून आणि जुन्या नकाशांवरून आजही करता येतात. जिथे रांगा उभ्या आहेत, तिथे हे काम आत्ताच व्हायला हवे.