वनस्पतिसंग्रह, खानदेशातील

दाबून वाळवलेली वनस्पती जाड कागदावर पक्की करून, नाव, गाव व तारखेसह क्रमवार जपून ठेवण्याची पद्धत, हर्बेरियम. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, या कामाचा मुख्य भर सातपुड्यावर असतो: यावल-रावेरकडील डोंगरउतार आणि अक्राणी तालुक्यातील सुमारे १,१५० मी. उंचीवरचे तोरणमाळ.

येथील जंगल शुष्क पानझडीचे असल्याने एका फेरीत पुरा नमुना क्वचितच हाती लागतो. पळस, सालई, कढई, काटेसावर ही झाडे फुलतात तेव्हा बहुधा निष्पर्ण असतात. पानांसाठी पावसाळ्यात पुन्हा जावे लागते, आणि तेही त्याच झाडाकडे; शेजारच्या झाडाचे पान जोडले की नमुना खोटा ठरतो. म्हणून क्रमांक कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती तारेने सैल बांधतात. कापडी खूण वणव्यात जळून जाते. दोन्ही वेळच्या नमुन्यांना स्वतंत्र क्रमांक देऊन वहीत परस्पर उल्लेख करतात.

मोह विशेष जपून घ्यावा लागतो. त्याच्या मांसल पाकळ्या पहाटेपर्यंत गळून पडतात, म्हणून फांदी संध्याकाळीच तोडावी. दाबलेली फुले साखरेमुळे कागदाला चिकटून काळी पडतात. त्यामुळे काही फुले ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत वेगळी ठेवावीत.

गोळा करण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक वनस्पतीच्या ३ ते ५ प्रती घेतात. गवत व लहान झुडपे मुळासकट. सफेद मुसळी, खर्पुडी यांसारख्या कंदवर्गी वनस्पती मात्र उपटू नयेत. फुलोऱ्याची एक फांदी आणि छायाचित्र पुरते.

नमुना रद्दीच्या घडीत पसरून, एखादे पान उलटे ठेवून, टीपकागदांसह दाबपेटीत (नमुने दोन फळ्यांमध्ये दाबण्याच्या साधनात) आवळतात. पावसाळ्यात पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावेत. हयगय झाली तर बुरशी येते आणि पाने काळवंडतात. रसाळ वनस्पती दाबपेटीतही जिवंत राहून पाने झाडत राहतात. त्यांना आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावे.

वहीतील नोंद झाडापाशीच करावी. फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची या गोष्टी वाळल्यावर उरत नाहीत. स्थानिक नाव लिहिताना ते अहिराणी, भिली की पावरी, हेही लिहावे. त्याशिवाय ते नाव पुढे ताडून पाहता येत नाही.

वाळलेला नमुना सुमारे ४२ × २८ सेंमी.च्या कागदावर चिकटवतात, जाड फांद्या दोऱ्याने टाचतात. सुटलेल्या बिया व फुले छोट्या पाकिटात, लेबल उजव्या कोपऱ्यात खाली. किडींसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड वापरीत. ते हाताळणाऱ्यालाही विषारी आहे. त्याऐवजी नमुने हवाबंद पिशवीत अतिशीत पेटीत (डीप फ्रीझरमध्ये) काही दिवस ठेवणे बरे. पिशवी तापमान पूर्ववत होईपर्यंत उघडू नये, अन्यथा दव धरते.

ओळख पटवण्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रातील संग्रहाशी तुलना करता येते. नाव पुढे बदलले तरी जुने लेबल काढत नाहीत. नव्या नावाची, तारखेची चिठ्ठी त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत लावतात.