मागचा शॉकअप बदलताना पैसे कशाचे मोजायचे?

रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर ६५० च्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला एकंदर ८८ मिलिमीटर जागा आहे. चार बोटं, फार तर थोडी जास्त. दोनशे किलोंच्या वरची गाडी, चालवणारा, डबलसीट बसलेला माणूस आणि सामान, या सगळ्यांना रस्त्याचे धक्के सोसायचे ते एवढ्याच जागेत. २०१८ मध्ये ही गाडी आली तेव्हापासून तिचे बरेच मालक मागचे शॉकअप बदलायचं मनात घेऊन असतात. थायलंडच्या वायएसएसपासून स्वीडनच्या ओहलिन्सपर्यंत पर्याय आहेत आणि किमतींत कित्येक पटींचा फरक आहे.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: कडक पाहिजे की नरम? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण शॉकअप म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाहेर स्प्रिंग, आत तेलाचा दट्ट्या. स्प्रिंगचा जोर ती किती दबली यावर ठरतो, तर तेलाचा जोर दट्ट्या किती वेगाने हलला यावर. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. तेल ती ऊर्जा उष्णतेत घालवतं. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावला तर ती चांगली कोमट लागते, ती त्यामुळे. तेल नसतं तर एका स्पीडब्रेकरनंतर गाडी बराच वेळ डुलत राहिली असती.

स्प्रिंगपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. शॉकअपच्या टोकाला असलेलं कडं फिरवलं की ‘शॉकअप कडक केला’ असं आपण म्हणतो. स्प्रिंग त्याने कडक होत नाही. समजा, चाकाच्या जागी मोजलं तर दर ३ किलो भाराला १ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग आहे. ७० किलोंचा माणूस मागे बसला आणि त्याचा जवळपास सगळा भार मागच्या चाकावर आला, तर गाडी सुमारे २३ मिलिमीटर खाली बसेल. म्हणजे ८८ मधला पाव भाग एका माणसात गेला. आता कडं फिरवून स्प्रिंग १० मिलिमीटर आधीच दाबून ठेवली. गाडी साधारण तेवढीच वर उठेल. पण पुढच्या प्रत्येक ३ किलोंना ती पूर्वीसारखीच १ मिलिमीटर दबणार. आधीच दाबून ठेवण्याच्या या प्रकाराला प्रीलोड म्हणतात. त्याने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. तो बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

मग कडं पूर्ण आवळून टाकलं तर? एकट्याने चालवताना गाडी जवळजवळ दबतच नाही आणि दिमाखात उंच उभी राहते. नुकसान खड्ड्यात होतं. स्पीडब्रेकरवर चाक वर यावं लागतं, खड्ड्यात ते खाली जावं लागतं. खाली जायला जागा हवी असेल तर गाडी आधीपासून थोडी बसलेली हवी. या बसण्याला सॅग म्हणतात. चालवणारा बसलेला असताना तो एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका असावा, असा रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ढोबळ नियम आहे. इंटरसेप्टरला तो २२ ते २९ मिलिमीटर येतो.

खड्ड्याचं गणित करून पाहण्यासारखं आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. अर्ध्या मीटरचा खड्डा सेकंदाच्या तीन शतांशांत मागे पडतो. तेवढ्या वेळात नुसत्या गुरुत्वाकर्षणाने कोणतीही वस्तू ४-५ मिलिमीटरच पडते. चाक त्याहून खोल जाऊन रस्ता धरतं, कारण स्प्रिंग त्याला खाली ढकलते. म्हणून स्प्रिंग नुसतं वजन तोलत नाही, टायर जमिनीला टेकवून ठेवणंही तिच्याकडेच असतं. ब्रेक आणि वळण दोन्ही त्या टेकण्यावर चालतात.

आता तेल. होळीची पिचकारी हळू दाबली तर सहज जाते, झटक्याने दाबली तर हाताला विरोध करते. एकाच भोकातून तेल जात असेल तर वेग दुप्पट झाल्यावर विरोध साधारण चौपट होतो. स्वस्त शॉकअपची तक्रार नेमकी इथली आहे. वळणावर किंवा ब्रेक लावताना दट्ट्या सावकाश हलतो, तेव्हा विरोध तोकडा पडून गाडी डुलते. खड्ड्याच्या कडेवर दट्ट्या सुसाट हलायला हवा, तर तेल अडून धक्का थेट कंबरेत येतो. एकच शॉकअप ढिलाही आणि टणकही! चांगल्या शॉकअपमध्ये दट्ट्याच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. वेग वाढला की चकत्या वाकतात, वाट मोठी होते आणि विरोध बेताने वाढतो. कोणती चकती किती जाडीची आणि किती व्यासाची, या जुळणीतच खरी कारागिरी आहे. माझ्या मते पैसे मोजायचे ते याचे. सोनेरी रंगाचे नव्हेत.

दुसरा खर्च वायूचा. तेल वेगाने ढवळलं की दट्ट्यामागे दाब कोसळून बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल विरोध करेनासं होतं. फ्रेंच अभियंता ख्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय आणला: तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या. तेल कायम दाबाखाली राहतं, बुडबुडे होत नाहीत. शॉकअपच्या कडेची छोटी डबी त्या वायूसाठीच असते. पण डबी दिसली म्हणून भुलू नये. इंटरसेप्टरच्या कंपनी शॉकअपलाही ती आहे. आत नायट्रोजन बराच दाबाने भरलेला असतो, तेव्हा घरी पान्हा घेऊन ती उघडायला जाऊ नका.

शॉकअपच्या खालच्या टोकाची खटके देणारी चकती बहुधा रिबाउंडची असते, म्हणजे दबलेला शॉकअप किती लवकर सुटावा याची. ती फार घट्ट केली तर एका धक्क्यातून शॉकअप पूर्ण सुटण्याआधी दुसरा येतो, मग तिसरा, आणि रम्बलरच्या पट्ट्यांवरून जाताना गाडी हळूहळू खाली दबत जाते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक आहे. तिला आवरायला तो रिबाउंड आणखी घट्ट करतो.

शॉकअप मागवताना लांबीही पाहावी. मागचं चाक जिथे आहे तिथे गाडी २० मिलिमीटर उचलली, तर १४०० मिलिमीटर लांबीच्या चाकांतराला पुढच्या फोर्कचा कोन जवळपास पाऊण अंशाने उभा होतो. गाडी वळायला चपळ होते, पण सरळ वेगात थोडी चंचल वाटू शकते. साइड स्टँडवर ती जास्त कलते आणि चेनचा ढिलेपणाही पुन्हा तपासावा लागतो.

बसवणं फारसं अवघड नाही. मेन स्टँडवर गाडी, एका वेळी एकच बाजू, बोल्ट सांगितलेल्या टॉर्कने. दोन्ही बाजू एकदम काढल्या तर स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, खाली लोंबतो. खरं काम त्याआधीचं आहे. दुकानदाराला आपलं जॅकेट-हेल्मेटसकट वजन सांगायचं आणि डबलसीट किती वेळा जातो तेही. कंपनीला ५५ किलोंच्या एकट्या मुलीसाठी आणि सामानासह निघालेल्या जोडप्यासाठी एकच स्प्रिंग निवडावी लागते. तुम्हाला ती सक्ती नाही. बसवल्यावर अॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर दोनदा मोजायचं: चाक हवेत असताना आणि आपण गाडीवर बसल्यावर. फरक म्हणजे सॅग. कडं पुरेसं आवळूनही तो ३० मिलिमीटरच्या आत येत नसेल तर खटके मोजत बसू नका, जास्त कडक स्प्रिंग मागवा. आणि विकत घेतानाच विचारून ठेवा, की काही वर्षांनी याचं तेल आणि सील आपल्या शहरात कोण बदलून देतं.