क्रेनकाम आणि वाऱ्याची मर्यादा

क्रेनने माल उचलताना वाऱ्याचा वेग, त्याची दिशा आणि मालाचा आकार पाहून काम चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरवले जाते. मर्यादा लोड चार्टवर (कुठल्या स्थितीत क्रेन किती भार उचलू शकते याचा उत्पादकाचा तक्ता) दिलेली असते: मोबाइल क्रेनला बूमच्या (क्रेनच्या लांब हाताच्या) लांबीनुसार बहुधा सेकंदाला 9 ते 14 मीटर, टॉवर क्रेनला सहसा 20 मीटर (ताशी 72 किमी). हा आकडा साधारण 3 सेकंदांच्या झोताचा असतो, सरासरीचा नव्हे. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बूमच्या टोकाला हवे. मोकळ्या जागीसुद्धा 100 मीटर उंचीवरचा वारा 10 मीटर उंचीवरच्या सुमारे 1.4 पट भरतो.

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय चार्टमध्ये टनामागे साधारणपणे फक्त 1.2 चौ.मी. वारा-क्षेत्र (मालाचे वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ गुणिले आकार-गुणक) धरलेले असते, आणि नेमके हेच साइटवर विसरले जाते. 4 × 3 मीटरची, साडेचार टनांची प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेली काँक्रीटची) भिंत घ्या. आकार-गुणक 1.2 धरला तर तिचे वारा-क्षेत्र 14.4 चौ.मी. होते, चार्टला चालते 4.5 × 1.2 म्हणजे 5.4. 5.4 भागिले 14.4 याचे वर्गमूळ 0.61, म्हणून सेकंदाला 9 मीटरची मर्यादा साडेपाचवर, म्हणजे ताशी 20 किमीवर येते. तेवढ्याच वजनाच्या सळ्यांच्या मोळीला अशी कपात सहसा लागत नाही.

पाठीमागचा वारा माल पुढे ढकलतो, त्रिज्या (क्रेनच्या मध्यापासून मालापर्यंतचे अंतर) वाढते. समोरून वारा आला की लोड इंडिकेटर (क्रेनवरचा भार दाखवणारे यंत्र) खऱ्यापेक्षा कमी भार दाखवतो. सर्वांत वाईट बाजूचा वारा: बूम आडव्या जोराला कमकुवत, आणि इंडिकेटरला तो जोर जवळजवळ कळतच नाही. टॅगलाइन (मालाला बांधून खालून धरलेली दोरी) माल फिरू न देण्यापुरती असते, वारा अडवायला नव्हे.

ठाणे-नवी मुंबईत उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा पश्चिमेचा वारा वाढतो, त्यामुळे मोठ्या पृष्ठाचा माल सकाळी लवकर चढवणे शहाणपणाचे. घोडबंदर रस्त्यावर दोन उंच इमारतींच्या फटीतून वारा जोरात घुसतो. फटीसमोर माल येताच तो गरकन फिरतो. मे-जूनच्या वळवाचा धोका वेगळा: ढग दूर असतानाच थंड झोत धुळीसह मिनिटांत येऊन थडकतो. 13 मे 2024 च्या दुपारी या पट्ट्याने असे वादळ अनुभवले. म्हणून बूम खाली घ्यायला 20 मिनिटे लागत असतील, तर निर्णयही तेवढा आधी व्हायला हवा.

काम बंद केल्यावर टॉवर क्रेनचा हुक रिकामा करून वर घेतात आणि फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडतात, म्हणजे जिब (टॉवर क्रेनचा आडवा हात) वाऱ्याबरोबर फिरते. परवानगीशिवाय जिबवर बिल्डरचा फलक बांधला तर वारा-क्षेत्र वाढते, आणि तो चुकीच्या जागी असला तर जिब वाऱ्याच्या दिशेला वळायलाच तयार होत नाही.