खिडकीचा कट्टा (बेळगाव सीमाभाग)

खिडकीच्या चौकटीखाली भिंतीच्या माथ्यावर आडवी बसवलेली फरशी किंवा फळी. बांधकामावर तिला सर्रास ‘सिल’ म्हणतात. काचेवरून ओघळणारे पाणी भिंतीत मुरू न देता बाहेर टाकणे हे तिचे काम. कुंड्या आणि मांजर यांची सोय होते ती वरकमाई.

बेळगाव जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे आणि जांबोटीच्या बाजूला तो झोडपून काढतो, अथणीकडे मात्र विरळ होत जातो. त्यामुळे अथणीत वर्षानुवर्षे निभावणारा सपाट कट्टा खानापूर तालुक्यात पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओली करतो. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांना नैर्ऋत्य वाऱ्याचा मारा जास्त. जुन्या कौलारू घरांची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येत असे. स्लॅबच्या घरात आखूड छज्जा ठेवला की सगळा भार कट्ट्यावर येतो.

दगड कोणता, यावर घरमालक महिनाभर डोके खाजवतात. बसवण्याकडे मात्र कुणी पाहत नाही. खरी गोम तिथेच आहे. ९ इंची भिंतीला बाहेरच्या बाजूस निदान ४ सूत (अर्धा इंच) ढाळ हवा. फरशी गिलाव्याच्या पुढे एक-दीड इंच काढावी आणि खालच्या अंगाला, कडेपासून साधारण इंचभर आत, कटरने आडवी खाच मारावी. खाच नसेल तर पाणी फरशीच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येते. दोन्ही टोके बाजूच्या भिंतीत दोन-दोन इंच शिरलेली असावीत. आतली आणि बाहेरची फरशी सलग एकाच पातळीत घालणे ही नेहमीची चूक. बाहेरची अर्धा इंच खाली ठेवली की चौकटीखालून पाणी आत येत नाही. फरशीखाली माल (सिमेंट-वाळूचा) सगळीकडे भरलेला हवा, ठोकून पाहिल्यावर कुठेही पोकळ वाजता कामा नये. माल धरल्यावर जाणता गवंडी तांब्याभर पाणी कट्ट्यावर ओततो आणि खाली वाकून थेंब खाचेपाशीच सुटतात का, ते पाहतो.

बाहेरच्या बाजूला ग्रॅनाइट सर्वांत टिकाऊ. कडप्पा आणि शहाबादी स्वस्त पडतात, पण दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने फरशी धुण्याचे ॲसिड त्यांना खाते. संगमरवराचेही तेच, तो आतच बरा. जांभा सच्छिद्र असल्याने उघडा ठेवू नये. लाकडी फळी जुन्या वाड्यांत शोभते. नव्या घरात वाळवी आणि पाऊस दोन्ही सांभाळावे लागतात.

देखभाल मृगाआधी उरकावी. चौकट आणि फरशी यांमधली भेग सिलिकॉनने भरावी. सरकत्या खिडकीच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोके मात्र बुजवू नयेत, टाचणीने मोकळी करावीत. शेवाळ ब्रशने घासावे. फटीत पिंपळाचे रोप दिसले तर कोवळे असतानाच मुळासकट काढावे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत रंगाचे पापुद्रे सुटले किंवा लोणा (पांढरा क्षार) धरला, की रंगाऱ्याला बोलावण्याआधी कट्टा तपासावा. खाच राहून गेली असेल तर फरशी उखडायची गरज नसते. पुढच्या कडेच्या खाली ॲल्युमिनियमची एल-पट्टी सिलिकॉनने चिकटवली की काम भागते.